पाच दिवसांनंतरचे घर

नवऱ्याच्या मारहाणीमुळे मुलांसह घराबाहेर पडलेल्या स्त्रीला पहिल्या रात्रीचा आसरा देण्याची व्यवस्था शासनाने उभारली आहे आणि तिच्या हक्कांची तरतूद कायद्यातही आहे. परंतु ती रात्र आणि हक्क प्रत्यक्ष हाती पडण्याचा दिवस यांच्यामध्ये जे महिने जातात, त्यांचा विचार जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या नियोजनात अजूनही फार तोकडा आहे.

वैद्यकीय उपचार, पोलिसांची मदत, कायदेशीर सल्ला आणि समुपदेशन एकाच छताखाली देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये निवासाची मर्यादा सामान्यतः पाच दिवसांची आहे. पूर्वीची स्वाधारगृहे 2022 मध्ये ‘मिशन शक्ती’खाली ‘शक्ती सदन’ या योजनेत सामावली गेली आणि तेथे अधिक काळ राहता येते. तथापि ती संस्था असते, घर नसते, आणि ठरावीक वयापुढच्या मुलाला तेथे आईपासून वेगळे करून बालगृहात पाठवावे लागते. मुलापासून ताटातूट आणि नवऱ्याचा मार यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तर अनेक आया मार पत्करून परत जातात, यात नवल नाही. माहेरचा आधारही अनेकदा कोरडवाहू कापसावर गुजराण करणाऱ्या भावाच्या दोन खोल्यांपुरता असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) राज्यातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी 25.2 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली आहे, आणि या संख्येपुढे उपलब्ध निवारा नगण्य आहे.

गरज आहे ती संक्रमण निवासाची, म्हणजे सहा महिने ते दोन वर्षे राहता येईल अशा, स्वतःचे दार व स्वतःची चूल असलेल्या लहान भाड्याच्या घरांची, ज्यांच्यासोबत समुपदेशक, वकील आणि पाळणाघराची जोड असेल. जळगावात अशी घरे औद्योगिक वसाहतीच्या जवळ असावीत, कारण डाळ मिल आणि चटई कारखान्यांतील रोजगार पायी गाठता आला, तरच स्वतंत्र चूल पेटती राहील. धुळ्यात साक्री-शिरपूरच्या आदिवासी स्त्रियांचा विचार आधी करावा लागेल, आणि अहिराणी व पावरी बोलणारी कार्यकर्ती तेथे नसेल, तर स्त्रीची हकिगत कागदावर नीट उतरणारच नाही.

कायदा या मागणीच्या आड येत नाही. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 19 न्यायदंडाधिकाऱ्यांना असा अधिकार देते की, पतीला घराबाहेर राहण्यास सांगावे किंवा पत्नीला पूर्वीच्या दर्जाचे दुसरे घर अथवा त्याचे भाडे त्याच्याकडून मिळवून द्यावे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्याच कारणावरून सुनेचा निवासाचा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, ही कायद्याची अपेक्षा मात्र व्यवहारात क्वचितच पूर्ण होते. म्हणून तक्रार नोंदवून न्यायालयापर्यंत नेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांनी भाड्याची मागणी पहिल्याच अर्जात, अंतरिम आदेशासाठी केली पाहिजे.

स्त्रीच्या नावावर मालमत्ता ही कल्पना खान्देशाला परकी नाही: शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत जळगाव जिल्ह्यातील विटनेरच्या शेतकऱ्यांनी पत्नींच्या नावे जमीन केली होती. जिल्हा वार्षिक योजनेतून महिला व बालविकासासाठी राखलेल्या निधीतून दोन्ही जिल्ह्यांनी संक्रमण निवासाची घरे भाड्याने घेण्यास तातडीने सुरुवात करावी. आईसोबत आलेल्या मुलांना जुन्या शाळेच्या दाखल्यावाचून प्रवेश द्यावा, असे परिपत्रक शिक्षणाधिकाऱ्यांनी काढावे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच्या मुलांबाबत आधीच सांगतो.