कच्च्या कैद्यांचं मत : खासदार विजय बघेल यांना खुलं पत्र

मा. विजय बघेलजी, खासदार, दुर्ग


७ मे २०२४ ला आपल्या मतदारसंघात मतदान झालं. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांपैकी ज्यांनी अर्ज केला, त्यांच्या घरी निवडणूक आयोगाची माणसं मतपत्रिका घेऊन गेली. उत्तम सोय. दुर्गचं सेंट्रल जेल आमच्या स्मृति नगरपासून फार लांब नाही. तिथल्या कच्च्या कैद्यांना मात्र मत नव्हतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) आडवं येतं. शिक्षा झालेली असो वा नसो, तुरुंगात असलेल्याला मतदान नाही. गंमत अशी की यादीतलं नाव शाबूत राहतं. मतदान केंद्राचा अधिकारी (बीएलओ) मतदार-चिठ्ठी घरी देऊन जातो आणि चिठ्ठीचा धनी आत पुढच्या तारखेची वाट बघत असतो.

छत्तीसगडचंच उदाहरण घ्या. मानवाधिकार कार्यकर्ते डॉ. विनायक सेन मे २००७ पासून दोन वर्षं तुरुंगात होते. गुन्हा शाबीत झालेला नव्हता, तरी २००८ ची विधानसभा आणि २००९ ची लोकसभा त्यांना मतदानाविना गेली. डिसेंबर २०१० मध्ये जन्मठेप झाली, एप्रिल २०११ मध्ये सुप्रीम कोर्टातून जामीन मिळाला, आणि दोषी ठरलेल्या सेनांना मतदानाची आडकाठी उरली नाही! म्हणजे हे कलम गुन्हा बघतच नाही, जामीन झाला की नाही तेवढंच बघतं. आणि जामीनदार मिळवताना काय दमछाक होते, ते गरिबाच्या घरी विचारा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते.

१९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम उचलून धरलं. एक कारण बंदोबस्ताचं होतं : एवढे पोलीस आणायचे कुठून? पण प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांना आजही टपाली मत आहे. त्यांच्या प्रतिज्ञापत्रावर जेल अधीक्षक सही करतो आणि पाकीट रवाना होतं. त्यात पोलीस किती लागतात?

उमेदवारांचा प्रश्न आला तेव्हा संसदेला घाई झाली होती. कोठडीतल्याला निवडणूक लढवता येणार नाही, असा निकाल जुलै २०१३ मध्ये लागला; सप्टेंबरपर्यंत कायदा बदललाही. त्या बदलामुळेच २०२४ मध्ये काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगातून बारामुल्ला मतदारसंघ जिंकू शकले. स्वतःला मत देणं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. आमच्या महाराष्ट्रात जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत कोठडीतल्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक या आमदारांनाही कोर्टाने मतदानाची परवानगी नाकारली.

अमेरिकेत शिक्षा भोगून आलेल्यांना मत परत द्यावं का, यावर वाद चालतो. आपल्याकडे सुटका झाली की मताची आडकाठी संपते, हे बरंच आहे.  

माझ्या मते शिक्षा झालेल्यालाही मत हवं. दक्षिण आफ्रिकेत १९९९ पासून कैदी मतदान करतात. पण आपल्या संसदेला आज ते पचणार नाही. म्हणून मागणं लहान आहे : खासगी विधेयक मांडा, कच्च्या कैद्यांना ६२(५) मधून वगळा आणि स्थानबद्धांची टपाली सोय त्यांनाही द्या. खासगी विधेयकं बहुधा पडतातच, हे ठाऊक आहे. निदान नोंद होईल. मांडणार की नाही, तेवढं जाहीरपणे कळवावं.

आपला,
स्मृति नगरचा एक मराठी मतदार