युनो बंद करा म्हणे!

माझा पोरगा हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसतो. सुरतेत लिंबायतला भाड्याच्या खोलीत राहतो आणि स्टेटसला 'आम्ही सुरत लुटली' ठेवतो. १६६४ आणि १६७० तोंडपाठ. १ मार्च २०२४ ला काय झालं विचारा, डोकं खाजवेल. त्या दिवसापासून सात श्रीमंत देशांनी रशियन खाणीतला एक कॅरेट आणि त्यावरचा हिरा, तो सुरतेत घासलेला असला तरी, घेणं बंद केलं. सप्टेंबरात मर्यादा अर्ध्या कॅरेटवर आली. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू पाडणारं गाव, पण ठरवणाऱ्यांच्या पंगतीत आपलं पानच नाही.

यावर चिरंजीवांचा तोडगा (त्याच्या लेखी जगातली प्रत्येक संस्था म्हणजे युनोच) : "पप्पा, युनो बंद करा. सगळं नाटक आहे."

बंद करून काय होतं तेही बघून झालंय, बाबा. जागतिक व्यापार संघटनेचं अपिलाचं पीठ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, अमेरिकेनं न्यायाधीश नेमूच दिले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लावलं. मग जा अपिलात दाद मागायला. तारीख द्यायलासुद्धा कोणी बसलेलं नाही.

पण पोरांना काय बोलू? आम्ही तर भक्त मंडळी. २४ ऑक्टोबरला, युनोच्या दिवशी, शाळेत निळा झेंडा रंगवला, विश्वशांतीवर निबंध लिहिले, बक्षिसाची वही मिळाली, संपलं. १९९४ च्या सुरतेतल्या प्लेगात तोंडाला रुमाल बांधून नंदुरबारची गाडी पकडली, तेव्हा दुकानात टेट्रासायक्लिन मिळत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, प्रवास रोखायची गरज नाही. आखातानं तरी विमानं तोडली. संघटनेचं कोणी ऐकलं नाही, का ऐकलं नाही हे आम्हीही विचारलं नाही. परत येऊन रिंगरोडच्या मार्केटात मेहताजी होऊन खतावण्या लिहीत बसलो.

किंबर्ली प्रमाणपत्राचंही तेच. २००३ पासून कच्च्या हिऱ्याबरोबर हा कागद येतो, की माल रक्ताचा नाही. रक्ताचा म्हणजे कोणता? बंडखोर ज्याच्या पैशावर सरकारशी लढतात, तेवढाच. झिंबाब्वेच्या मारांगेत २००८ मध्ये सरकारी फौजेनं खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या; व्याख्येप्रमाणे तो हिरा स्वच्छ. २०१९ मध्ये या किंबर्लीचं अध्यक्षपद भारताकडे होतं. व्याख्या बदलायची चर्चा झाली, व्याख्या जागची हलली नाही. तिथं एका देशानं नकाराची मान हलवली तरी गाडं अडतं. आमच्या मार्केटात त्या वर्षी कोणाच्या तोंडी हा विषय आला असेल तर शपथ. शेठ लोक कागदाला हात जोडतात, कारागिरानं तो पाहिलेलाही नसतो.

मी हात जोडणारा, पोरगा शिव्या देणारा. ठरवणाऱ्यांच्या पंगतीत बसून भांडायला माणूस पाठवावा, हे बापाला सुचलं नाही आणि लेकाला पटत नाही.

यंदा दिवाळीची वेकेशन लवकर लागली, बिनपगारी. पोरगा घरीच आहे. स्टेटस अजून तेच.