नक्षी ओळखली म्हणजे कारखाना ओळखला?

मंडळी, स्पष्टच बोलतो. फोनवर बशीचा फोटो काढला, सर्चमध्ये सेम टू सेम बशी सापडली आणि आपण जाहीर केलं, "१९३०च्या दशकातली फेडरल ग्लास!" याला ओळख पटवणं म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात. त्या अंदाजावर किंमत लावली, की फसवणूक सुरू होते.

फेडरल ग्लास ही ओहायोतल्या कोलंबसची कंपनी. आपली बरीच आयटी जनता तिथे आहे, आणि शनिवारच्या गराज सेलमध्ये जुन्या काचेच्या नादी लागलेलेही त्यात आहेत. तर फेडरलची 'मॅड्रिड' नक्षी १९३२ ते १९३९ निघत होती. मंदीच्या काळातली, साच्यात दाबून काढलेली स्वस्त काच. १९७६ला फेडरलनेच ती 'रिकलेक्शन' या नावाने पुन्हा काढली, त्याच मधाळ रंगात. पण इमानदारीत नक्षीमध्ये ७६ हा आकडा घातला. १९७९ला कंपनी बंद पडली, साचे इंडियाना ग्लासकडे गेले आणि त्यांनी तो आकडाच काढून टाकला! म्हणजे नक्षी एक, कारखाने दोन, काळ तीन. फोटोवरून काय कप्पाळ कळणार?

"अरे, मग बुडाचा छाप बघायचा ना!" बघा की. कोलंबसजवळच्या न्यूआर्कची हायझी कंपनी चौकटच्या आकारात एच असा छाप घालायची. ती १९५७ला बंद झाली. १९५८ला इम्पीरियलने तिचे साचे घेतले आणि पुढची काही वर्षं काही वस्तू त्याच छापासकट काढल्या. आजीच्या तांब्यावर कोरलेलं नाव तांबटाचं नसतं, आहेर करणाऱ्याचं असतं. हे आपल्याला कळतं, मग इथेच अक्कल का गहाण ठेवायची? आपल्या भाषेत सांगायचं तर साचा म्हणजे सोर्स कोड. कंपनी बुडाली तरी कोड दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतो.

मग करायचं काय? नक्षी, छाप, रंग आणि आकार हे चारही जुन्या कॅटलॉगशी ताडून बघायचं. त्या कारखान्याने ती वस्तू त्या रंगात काढली होती का, हा खरा प्रश्न. टील रंगाची मॅड्रिड दिसली तर ती १९३०ची नाही. कॅरमलसारख्या तपकिरी रेघारेघांचा हायझी प्राणी दिसला तर तो इम्पीरियलचा.

"एवढ्याशा बशीसाठी एवढं कशाला?" असं म्हणणारे भेटतातच. अहो, घेणारा पैसे 'मंदीतली बशी' म्हणून मोजतो. आणि सत्तरच्या दशकात भट्टीपुढे घाम गाळणाऱ्यांची बशी आपण परस्पर त्यांच्या आज्जा-पणज्यांच्या नावावर लावतो. १९७६ची बशी १९७६ची म्हणूनही छानच दिसते.

पुरावा नसेल तर चिठ्ठीवर सरळ लिहा: 'नक्षी मॅड्रिड, कारखाना नक्की नाही.' बग रिपोर्टमध्ये आपण न तपासता कारण लिहीत नाही. इथे लिहायचं कारण नाही.

असो. बघा पटतंय का.