काळ्या सायकलीची बाजू

गोंदिया जिल्ह्यातल्या अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, नाहीतर पाचवीला संपते. पुढची शाळा शेजारच्या गावात. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असली की सरकारचं काम झालं. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकल मिळते, पण ती आठवीपासून. मुलांच्या वाट्याला तीही नाही. मधल्या दोन-तीन वर्षांत दहा ते तेरा वयाचं मूल आईबापांच्या गळ्यात प्रश्न होऊन पडतं. लहान बाळाच्या सीटमध्ये ते मावत नाही आणि रेतीच्या टिप्परांच्या रस्त्यावर त्याला एकट्याने पाठवायला जीव धजत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या मुलाला नेण्यासाठी आपल्याला परवडणारी, आपल्या दुकानात मिळणारी आणि आपल्याच मिस्त्रीकडून दुरुस्त होणारी मालवाहू सायकल अस्तित्वात आहे. ती म्हणजे साधी काळी, जड, कॅरिअरची सायकल. तिच्या मागच्या भागावर हजार-दीड हजार रुपये डोळसपणे खर्च करायचे, एवढंच बाकी राहतं. हे म्हटलं की लोक लगेच नाकं मुरडतात. त्यांचे आक्षेप फुटकळ नाहीत, म्हणून एकेकाचं उत्तर देतो.

पहिला आक्षेप असा की आता सायकलवर कोण नेतं, हप्त्यावर गाडी घ्या. ठीक, गाडीचा हिशोब करू. शाळा तीन किलोमीटरवर. सोडायला जाणं-येणं, आणायला जाणं-येणं मिळून रोजचे बारा किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोपेड धरली आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, तर रोजचे पंचवीस रुपये. सहावी ते आठवीच्या शाळेचे वर्षात किमान 220 दिवस कायद्याने ठरलेले आहेत. म्हणजे वर्षाला साडेपाच हजार रुपये नुसतं पेट्रोल. जवळपास तेवढ्यात नवी काळी सायकल येते. म्हणजे गाडीवाला दर वर्षी एक सायकल जाळतो, आणि त्यात गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग धरलेलं नाही. रोवणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही, तिला तो पाठच असतो. शिवाय गाडी घरात आली की ती एका मुलापुरती राहत नाही. बाप, मधे धाकटा, मागे थोरली, असे तिघे निघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 128 चालकाच्या मागे एकाच माणसाला परवानगी देतं. आणखी दोन-तीन वर्षांनी तीच गाडी चौदा वर्षांचा पोरगा शिकवणीला घेऊन जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घराघरांत हे चालतं आणि कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

इलेक्ट्रिकचं काय, असंही विचारतात. 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर पायडलला साथ देणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही, परवाना लागत नाही. उद्या ती दणकट कॅरिअरसह आणि आवाक्यातल्या किमतीत आली तर मी तिचं स्वागतच करीन. आज बाजारात दिसतात त्यांतल्या बहुतेक एका माणसासाठी बनवलेल्या आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो घेणारी माणसं मला जवळची वाटतात. ते म्हणतात, दहा वर्षांचं मूल मागे बसवून न्यायचं कशाला? त्याला स्वतःची सायकल द्या, ते स्वावलंबी होईल. सायकलीने मुलं शाळेत टिकतात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बिहारमध्ये 2006 साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली वयानुरूप नोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण त्या मुली चौदा वर्षांच्या आसपासच्या होत्या. दहा वर्षांचं मूल आणि चौदा वर्षांची मुलगी यांत रस्त्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. येणाऱ्या ट्रकचा वेग आणि अंतर यांचा अंदाज लहान मुलाला नीट बांधता येत नाही. नेदरलँड्समध्ये सगळी मुलं सायकलने शाळेत जातात, हा दाखला या वादात हमखास येतो. तिथे दहा-बारा वर्षांच्या मुलांची रहदारीची परीक्षा होते, आणि रस्त्याकडेला सायकलींसाठी वेगळी वाट असते, हेही मग सांगायला हवं. आपल्याकडे कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग 53 ओलांडणाऱ्या मुलासाठी यांतलं काय आहे? ज्या गावाची शाळेची वाट धानाच्या बांध्यांमधून, कालव्याच्या कडेने जाते, तिथे जरूर मुलाला स्वतःची सायकल द्या. जिथे डांबरी रस्त्यावर टिप्पर धावतात, तिथे स्वावलंबनाचा धडा दोन वर्षांनी शिकवला तरी चालेल. आणि तो मोठ्या माणसाच्या मागे बसूनही शिकता येतो. वळताना हात कधी दाखवायचा, ट्रक मागून आला की डांबर सोडून मुरमावर कधी उतरायचं, हे मागे बसलेलं मूल रोज पाहतं.

तिसरा आक्षेप शहरात राहिलेल्यांचा. खरी मालवाहू सायकल म्हणजे परदेशातली, लांब शेपटाची, तीच मुलांसाठी सुरक्षित, असं ते म्हणतात. त्या सायकलीमागचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. साध्या सायकलीवर कॅरिअरवरचं वजन मागच्या चाकाच्या आसावर, कधी त्याच्याही मागे पडतं. त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल वळवळतं. अमेरिकेतल्या एक्स्ट्रासायकल या कंपनीने 1998 पासून यावर उपाय म्हणून मागचं चाकच सुमारे सव्वा फूट मागे सरकवणारा सांगाडा विकला. मग मूल दोन चाकांच्या मधे बसतं आणि सायकल स्थिर राहते. रचना चोख आहे. मात्र तिच्या आजच्या इलेक्ट्रिक भावंडांची किंमत हजारो डॉलरांत जाते. आमगावात ते चाक आऊट आलं, तर त्या मापाचा स्पोक कुठून आणणार? उलट, जगात गरीब खेड्यांसाठी मुद्दाम घडवलेली सायकल पाहा. वर्ल्ड बायसिकल रिलीफ या संस्थेची 'बफेलो' आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांकडे, आरोग्यसेविकांकडे आहे. तिचं कॅरिअर 100 किलोचं वजन पेलण्यासाठी बनवलेलं आहे, आणि तिची सगळी घडण आपल्या काळ्या सायकलीच्याच कुळातली आहे. जाड पोलाद, जड चाकं, मोठं कॅरिअर. आपल्याकडे हीच सायकल धानाचा चाळीस किलोचा कट्टा गिरणीवर नेत आली. दहा वर्षांचं मूल त्या कट्ट्याहून हलकं असतं.

आता शेवटचा आक्षेप, आणि तोच सगळ्यात खरा आहे: डबलसीट धोक्याची. हो, आहे. कट्टा पाय हलवत नाही, मूल हलवतं. कॅरिअरवर बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळतात, थकले की आत वळतात आणि टाच फिरत्या स्पोकांत जाते. टाचेची कातडी सोलवटते, कधी घोट्याजवळचं हाड मोडतं. अस्थिरोगतज्ज्ञांना ही जखम इतकी परिचित आहे की तिला स्पोकची जखम असं वेगळं नावच आहे. मूल मोठं म्हणजे पाय लांब, आणि पाय लांब म्हणजे टाच बरोबर स्पोकांच्या पट्ट्यात. बाळाच्या सीटला पायांची खोबण तरी असते, मोठ्या मुलाला आपण काहीच देत नाही. पण हा दोष सायकलीच्या जातीचा नाही. दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे दांडे आणि चाकाच्या वरच्या अर्ध्या भागाला जाळी, एवढ्याने तो जातो. जाळीला शंभर-दोनशे रुपये पडतात. ज्या वस्तूने पोराचा पाय वाचतो ती आपण बसवत नाही आणि वर डबलसीटला दोष देतो, याची मला चीड येते.

म्हणून घ्यायची कशी, ते सांगतो. दुकानदार गिअरची, जाड टायरची, रंगीत सायकल पुढे करेल. तिला कॅरिअर नसतं, आणि नंतर बसवलेलं कॅरिअर सीटच्या नळीवर एका चिमट्याने अडकवलेलं असतं. मूल बसलं की ते खाली झुकतं. काळ्या सायकलीच्या कॅरिअरचे पाय थेट मागच्या आसाच्या नटाखाली येतात, म्हणजे वजन चाकावर उतरतं. हीच गोष्ट खाली वाकून बघायची. कॅरिअरचे पाय एका बाजूला दोन असतील तर उत्तम, एकच असेल तर तो पट्टीचा न घेता सळईचा घ्या. मुलाला कॅरिअरवर बसवून सायकल डावी-उजवीकडे हलवा. कॅरिअर सायकलीबरोबर हललं पाहिजे, मागून डुलत आलं तर ती सायकल सोडून द्या.

दांडीची घ्यावी की बिनदांडीची, यावर पुरुषमंडळी हमखास दांडीची सांगतात, कारण ती मजबूत. सांगाड्यापुरतं ते बरोबर आहे. पण मागे मूल बसलेलं असताना दांडीच्या सायकलवर टांग टाकायची कशी? मागून पाय फिरवता येत नाही. मग सायकल चालू करायची आणि मुलाने धावत येऊन उडी मारून बसायचं, अशी रीत पडते, आणि बहुतेक पडझड त्याच क्षणी होते. साडी नेसलेल्या आईला तर दांडीचा विचारच नको. बिनदांडीची, 26 इंची, दोन नळ्यांची सायकल घ्या. सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी मोठ्या माणसाने बसून पाय रोवायचे, ब्रेक दाबून धरायचे, मग मुलाने चढायचं. उतरताना उलट क्रम. लहान चाक उंचीला कमी असतं आणि वजनाखाली अधिक तगतं, हा आणखी फायदा.

मागचं चाक हा या सगळ्याचा जीव आहे. चालवणारी पंचावन्न किलोची धरली आणि मूल तीसचं, तर सायकलीच्या वजनासकट सत्तर-ऐंशी किलो त्या एका चाकावर येतात. मागे 40 स्पोक असलेलं चाक घ्या. नव्या सायकलीचे स्पोक कारखान्यातून सैल येतात. पहिल्या महिन्यात मिस्त्रीकडे नेऊन चाकाचा आऊट काढून घेतला नाही, तर पावसाळ्यापर्यंत स्पोक तुटायला लागतात. टायर जाड घ्या, हवा कडक ठेवा. दप्तर मुलाच्या पाठीवर नको, पुढच्या टोपलीत ठेवा. त्याने पुढचं चाक जमिनीला धरून राहतं आणि हँडल शांत होतं. मुलाला धरायला सीटखाली एक कडी लावून घ्या. चालवणाऱ्याचा सदरा धरून बसलेलं मूल ब्रेक लागला की त्यालाही घेऊन कोसळतं.

ब्रेकबद्दल काळ्या सायकलीची वकिली मी करणार नाही. पोलादी रिमवरचे रॉड ब्रेक पावसात निकामी झाल्यासारखेच वागतात, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस आहे. मिळत असेल तर मागे ड्रम ब्रेक घ्या, नाहीतर गुटके दर पावसाळ्याआधी बदला आणि ओल्या रस्त्यावर दुप्पट अंतर सोडा. वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा कापून लांब करून घेण्याची कल्पनाही काहींना सुचते. ती नकोच. या सायकलींचे सांधे पितळेने जोडलेले असतात, वेल्डिंगच्या धगीने ते कमजोर होतात आणि कधी सुटतील सांगता येत नाही. कॅरिअरवर, जाळीवर, पायदांड्यांवर वेल्डिंग खुशाल करा, मुख्य नळ्यांना हात लावू नका.

मागे एकच मूल. दोन असतील तर थोरल्याला वेगळी सायकल आणि त्याने आपल्या डाव्या हाताला चालवायची. गोंदिया, तिरोडा, आमगावकडची सपाटी या सायकलीला मानवते. सालेकशाच्या पहाडीत किंवा देवरीहून चिचगडकडच्या चढांवर मूल मागे बसवून रोज जाणं माणसाला झेपणार नाही. तिथे शाळेच्या वेळेला बसच हवी, आणि ती मागणी आपण सोडता कामा नये.

मानव विकास कार्यक्रमात सायकलीमागे 5,000 रुपये मिळतात. ते आठवीऐवजी सहावीपासून मिळावेत, मुलग्यांनाही मिळावेत, आणि मूल लहान आहे तोवर ती सायकल पालकाने चालवायची अशी मुभा असावी. त्या सायकलीचं कॅरिअर किती किलोचं, हे त्यावर कोरलेलं असावं. जाळी आणि पायदांडे खरेदीच्या अटींतच असावेत. जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेत कोणी सदस्याने एवढं मांडलं, तर सभागृहात कोणाला विरोध करता येईल असं मला वाटत नाही.