विश्लेषण : ओपन वर्ल्ड गेममध्ये नुसते फिरायलाही मजा का येते? गोंदियाच्या बांध्यांचा त्याच्याशी काय संबंध?

मिशन अर्धवट पडलेले असते, शत्रू नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि खेळणारा मात्र उगाच एखादा डोंगर चढत बसतो. वर पोहोचला की उडी मारतो, तरंगत खाली येतो आणि पुन्हा दुसऱ्या डोंगराकडे वळतो. त्याला कुणी गुण देत नाही, बक्षीसही नसते. तरी तास निघून जातो. ही मजा योगायोगाने येत नाही. ती घडवावी लागते आणि ती घडवण्याचे एक शास्त्र आहे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि संबंधित क्षेत्रांसाठी २०५० पर्यंतचे ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्यामुळे ‘आपले’ गेम कसे असावेत, हा प्रश्न आता हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच की गेमचे ‘भारतीयपण’ पात्राच्या कपड्यांत शोधण्याऐवजी त्याच्या पायाखालच्या जमिनीत शोधावे. ती जमीन कशी असते, हे गोंदिया जिल्ह्यातील मुलांना कुणी शिकवायची गरज नाही.

हालचाल ‘जमून येते’ म्हणजे काय होते?

ओपन वर्ल्ड म्हणजे असा गेम, ज्यात एकामागून एक ठरलेल्या पातळ्या नसतात. मोठा नकाशा मोकळा दिलेला असतो आणि कुठे, कधी, कोणत्या वाटेने जायचे हे खेळणारा ठरवतो. अशा गेममधला बहुतांश वेळ लढण्यापेक्षा इथून तिथे जाण्यातच जातो. म्हणून चालणे, पळणे, चढणे, पोहणे कंटाळवाणे असेल तर उरलेला गेम कितीही देखणा असला तरी हातातून सुटतो.

बोट आणि पात्र यांच्यातले अंतर जितके कमी, तितकी हालचाल आपली वाटते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येत असतील तर प्रत्येक चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रे असतील तर ३३. बोटाच्या स्पर्शाला उत्तर मिळायला अशी चार-पाच चित्रे जास्त गेली की पात्र ‘जड’ वाटू लागते. याशिवाय गेम करणारे खेळणाऱ्याच्या बाजूने थोडी लबाडीही करतात. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी मारू देतात, कारण माणसाला वाटत असते की आपण वेळेवर बटण दाबले. कित्येक गेममध्ये उडी वर जाताना सावकाश आणि खाली येताना झपकन असते. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही, पण हाताला ते बरोबर वाटते.

निन्टेन्डोचा १९९६ मधील ‘सुपर मारिओ ६४’ करताना शिगेरू मियामोतो यांच्या चमूने सुरुवातीला मारिओला एका बागेत नुसते पळायला आणि सशाचा पाठलाग करायला लावले होते. पळणे मजेचे झाल्यावर पुढच्या पातळ्या आल्या. आधी पाय, मग जग, हा क्रम तेव्हापासून अनेकांनी पाळला आहे.

मग वेग जितका जास्त, तितकी मजा जास्त?

नाही. मजा येते ती अडथळ्यातून. २००४ मधील ‘स्पायडर-मॅन २’ या गेमचे उदाहरण घ्या. त्याआधीच्या स्पायडर-मॅन गेममध्ये जाळे वर आकाशात कुठेतरी चिकटायचे आणि पात्र झोके घेत पुढे जायचे. या गेममध्ये जाळ्याला खरी इमारत लागू लागली. उंच इमारत जवळ नसेल तर झोका नाही. खेळणाऱ्याला मान वर करून शहर वाचावे लागले आणि त्याच क्षणी शहर मागचा पडदा न राहता खेळाचा भाग झाले.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जवळपास कोणताही कडा चढता येतो. पण अंगातली ताकद मोजकी असते आणि पाऊस आला की हात घसरतात. त्यामुळे डोंगर समोर दिसला की मनात हिशेब सुरू होतो : मध्ये टेकायला जागा आहे का? पाऊस थांबेपर्यंत थांबू का? नोव्हेंबर २०१९ मधील ‘डेथ स्ट्रँडिंग’ने तर चालणे हाच गेम केला. पाठीवर ओझे, ओझे उंच रचले की तोल जाणार, नदी खोल असेल तर पाय उचलले जाणार. दुसऱ्या खेळाडूंनी टाकलेले पूल आणि शिड्या आपल्याला वापरता येतात आणि अनेकांचे पाय जिथून गेले तिथे हळूहळू पायवाट उमटते.

तिन्ही गेममध्ये समान गोष्ट एकच. जमीन काहीतरी म्हणते, खेळणारा त्याला उत्तर देतो. नकाशात जमीन गप्प असेल तर वेग कितीही वाढवा, ती फक्त लवकर संपते.

नकाशा किती मोठा असावा?

जाहिरातीत चौरस किलोमीटर मोजले जातात, पण खरे माप ओळखीचे असते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी आपल्या क्योटो शहराचा नकाशा गेमच्या जगावर ठेवून पाहिला होता. या ठिकाणाहून त्या ठिकाणी जायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे त्यांना अंगाने माहीत होते. त्या अंदाजावर गेममधली अंतरे बसवली गेली. त्याच चमूने टेकड्यांना त्रिकोणी आकार देण्यावरही भर दिला होता. त्रिकोणामागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून माणूस वर तरी चढतो किंवा वळसा तरी घालतो. दोन्ही वाटांना पलीकडे काहीतरी नवे दिसते.

म्हणजे जगातल्या सर्वाधिक नावाजलेल्या ओपन वर्ल्डपैकी एकाचे माप एका माणसाच्या स्वतःच्या गावावरून ठरले. आपल्याकडे याच गोष्टीचा विचार झालेला नाही.

फोनवर हे सगळे जमते का?

गोंदिया, तिरोडा किंवा देवरीत गेम म्हणजे मुख्यतः फोन. महागडा कन्सोल किंवा गेमिंग संगणक फार थोड्या घरांत असतो. फोनच्या काचेला बटणाचा उंचवटा नसतो, अंगठा घसरतो, वर अंगठ्याखालीच निम्मा पडदा झाकला जातो. स्वस्त फोन थोड्या वेळात तापतो आणि चित्रे अडखळू लागतात. तरीही २०२० मधील ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने चढणे, तरंगणे आणि मोजकी ताकद हा सगळा खेळ फोनवर आणून दाखवला. मात्र तो चालवायला बऱ्यापैकी फोन लागतो.

दुसऱ्या टोकाला ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’सारखे साधे भारतीय गेम आहेत. कोट्यवधी वेळा डाउनलोड झालेला हा गेम दिसायला ओबडधोबड आहे, पण ओळखीची मोटारसायकल आणि मोकळा रस्ता एवढ्यावर तो घरोघरी पोहोचला. त्याला हसण्याआधी त्याने काय सिद्ध केले ते पाहावे. आपल्या मुलांना मोकळ्या जगात फिरायचे आहे आणि ते जग ओळखीचे असेल तर चित्र थोडे खडबडीत असलेलेही त्यांना चालते.

महाराष्ट्रातील गेम कुठे आहेत?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ २०२० मध्ये आला. भिंतीवरून धावणे, खांबावर चढणे ही त्यातली हालचाल नेटकी आहे, पण वाट ठरलेली. तो ओपन वर्ल्ड नव्हे. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये फोनवर आला. तो बॅटल रोयाल प्रकारातला. मुंबईच्या गेमिऑनने ‘मुंबई गलीज’ या ओपन वर्ल्ड गेमची घोषणा २०२० मध्ये केली होती. प्रयत्न प्रामाणिक आहेत. पण बहुतेक चर्चा पुराणकथा, पोशाख, शस्त्रे आणि महानगर यांच्याभोवतीच फिरते. विदर्भाची जमीन त्यात अजून कुठे नाही.

गोंदियाच का?

कारण इथे चालणे म्हणजे सतत निर्णय घेणे आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी असते आणि चिखलात पाय रुततो. धुऱ्यावरून जावे तर तो हातभर रुंद आणि निसरडा. एका धुऱ्याने गेले तर गाव लांब पडते, बांधीतून गेले तर दुसऱ्याचे रोप तुडवले जाते. धान कापून झाले की तीच जमीन टणक होते आणि माणूस नाकासमोर चालत सुटतो. म्हणजे नकाशा तोच, पण पावसाळ्यातली वाट वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. ऋतूप्रमाणे वाटा बदलणारे ओपन वर्ल्ड ही कल्पना कुठल्याही स्टुडिओला मोलाची वाटेल. आपल्याकडे ती दर वर्षी प्रत्यक्षात घडते.

त्यात माजी मालगुजारी तलावांची भर. पूर्व विदर्भात असे हजारो ‘मामा’ तलाव आहेत. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. तलावाची पाळ ही सपाट मुलखातली उंच जागा. तिथे चढले की पाणी, शेते आणि मागचे डोंगर एकदम दिसतात. झेल्डाच्या चमूने त्रिकोणी टेकड्यांतून जे साधले, ते काम इथे पाळ करते. पुढे सालेकसा तालुक्यात दरेकसाचा रेल्वे बोगदा आणि हाजरा धबधबा, म्हणजे काळोखातून एकदम उजेडात येण्याचा अनुभव. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात. हा उंच पक्षी उडण्याआधी काही पावले धावतो; ‘धाव, मग झेप’ हा खेळाचा नियम तिथे आयताच आहे. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, पण दोन्हींच्या मधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणाऱ्या वाघाच्या नजरेने हा महामार्ग ओलांडायचा, यापेक्षा गंभीर ‘मिशन’ कोणते?

उपग्रहावरून सगळा नकाशा मिळत नाही का?

जमिनीच्या उंचसखलपणाची माहिती इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. डोंगररांगा त्यातून उभ्या राहतील. पण त्या माहितीतला एक ठिपका म्हणजे साधारण ३० मीटरचा चौकोन. हातभर रुंदीचा धुरा त्यात दिसणारच नाही. कुठला धुरा पावसात खचतो, कुठल्या बोडीला वळसा घालावा लागतो, हे तिथे चालणाऱ्यालाच माहीत. गोंदियातील विद्यार्थ्याची खरी ताकद हीच आहे. सॉफ्टवेअर कुठेही बसून शिकता येते. गोडो हे गेम इंजिन आणि ब्लेंडर दोन्ही विनामूल्य आहेत. जमिनीची ओळख मात्र मुंबईच्या कार्यालयात बसून येत नाही.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप बाजाराचा : धानाच्या बांधीत फिरायला पैसे कोण देणार? ओझे घेऊन डोंगर ओलांडण्याचा गेमही कागदावर असाच कंटाळवाणा वाटला असता. तो जगभर खेळला गेला. दुसरा आक्षेप पालकांचा : मुले आधीच फोनमध्ये बुडालेली आहेत. काळजी रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मधील केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, तेही योग्यच झाले. पण गेम खेळणे आणि गेम घडवणे यांत सिनेमा पाहणे आणि सिनेमा काढणे एवढा फरक आहे. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. कचारगडच्या गुहा कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहेत. माघ पौर्णिमेला तिथे दूरवरून भाविक येतात. असे ठिकाण कुणाला चढायची भिंत म्हणून वापरता येणार नाही. काय दाखवायचे आणि काय नाही, हे त्या समाजाला विचारूनच ठरले पाहिजे. जमीन वापरायची तर तिच्या माणसांना वगळून चालणार नाही.

सरकारने काय करावे?

धोरणातला पैसा फक्त मोठ्या शहरांतील संकुले आणि इमारतींवर जाऊ नये. त्यातला छोटा वाटा जिल्ह्यांच्या तंत्रनिकेतनांतील लहान गटांना द्यावा आणि अट साधी ठेवावी : सहा महिन्यांत आपल्या तालुक्याचा एक किलोमीटरचा तुकडा, स्वस्त फोनवर न अडखळता चालणारा. कथा नको, शस्त्रे नकोत, ट्रेलर तर नकोच. परीक्षकांनी फोन हातात घ्यावा आणि दहा मिनिटे नुसते चालून पाहावे. अकराव्या मिनिटालाही फोन खाली ठेवावासा वाटला नाही, तर त्या गटाला पुढचा हप्ता द्यावा.