पितळी खरेपणा

नरक चतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नाने आटोपली होती, ताटांत फराळ वाढला होता, आणि पहिली करंजी तोंडात घालणार तोच माजघरातून आरोळी आली, "कुणीही हलू नका!" विंचू निघाला असावा, अशा समजुतीने आमची सगळी मंडळी जागच्या जागी थिजली. ताईच्या हातातला चिवड्याचा डबा तसाच अधांतरी राहिला. पण विंचू नव्हता. पुण्याहून दिवाळीला आलेल्या माझ्या भाच्याच्या चिमट्यातून पितळेचा एक तुकडा निसटला होता. तिळाएवढा! पुढचा अर्धा तास पंखा बंद, केरसुणीला बंदी, आणि घरातली थोरमोठी माणसे भिंग घेऊन गुडघ्यांवर. अखेर तो तुकडा माझ्याच लेंग्याच्या घडीत सापडला.

"हे आहे तरी काय?" मी विचारले.

"मामा, पॅन्झर-३ ची कडी आहे ही. मडगार्डवर फावडे अडकवतात ना, ते हिनेच धरून ठेवायचे."

म्हणजे जर्मन रणगाड्याच्या प्रतिकृतीवरच्या फावड्याची कडी. ज्या वाचकांच्या घरी अजून असा भाचा निर्माण झालेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खऱ्या रणगाड्याच्या १/३५ आकाराचे प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत मिळतात. ते जोडायचे आणि रंगवायचे, असा हा छंद. हे १/३५ प्रमाणही कुणा शास्त्रज्ञाने ठरवलेले नाही. जपानातल्या शिझुओका शहरच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठेवावा लागला, तोच पुढे जगाचा शिरस्ता झाला. बॅटरीने ठरवलेल्या या मापावर आज लोक केसाच्या जाडीवरून वाद घालतात!

परंतु पेटीत आले तेवढ्यावर हल्ली समाधान नाही. पेटीपाठोपाठ येतात ते वरचे भाग, म्हणजे मूळ कंपनीने न दिलेले आणि दुसऱ्यांनी वेगळे विकायला काढलेले. चेक देशातली एडुआर्ड, पोलंडमधली आबेर अशा कंपन्या पितळेच्या पातळ पत्र्यावर छायाचित्राच्या तंत्राने आकृती उमटवतात आणि नको तो भाग रसायनाने खाऊन टाकवतात; उरते ती कडी, जाळी, बिजागरी. लेथवर कातलेल्या धातूच्या तोफनळ्या मिळतात. एकेक कडी जोडून करायचे पट्टे मिळतात. टायगर रणगाड्याला एका बाजूला ९६ कड्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या १९२ कड्या हाताने ओवायच्या. मिळून खर्च पुष्कळदा मूळ पेटीच्या वर जातो.

आता मी मास्तर आहे, तेव्हा न्यायाने बोलले पाहिजे. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. साधे त्रैराशिक मांडा. प्लॅस्टिकचे मडगार्ड एक मिलिमीटर जाड झाले, तर खऱ्या मापात ते ३५ मिलिमीटर होते. खुद्द पॅन्झर-३ च्या कुशीचे पोलादी चिलखत ३० मिलिमीटरचे! म्हणजे चिखल अडवणारा पत्रा तोफगोळा अडवणाऱ्या चिलखतापेक्षा जाड. पितळेचा पत्रा एक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्यात साडेतीन. ज्याच्या डोळ्याला ही चूक बोचते त्याला मी वेडा म्हणणार नाही. आजच्या धांदलीत एखादा तरुण महिना महिना एका वस्तूवर मान मोडून बसतो, याचे मला कौतुकच वाटते. माझे भांडण त्याच्या हाताशी नाही. माझे भांडण 'अचूक' या शब्दाशी आहे. या संचांच्या पेट्यांवर, याद्यांवर आणि माझ्या भाच्याच्या जिभेवर हा शब्द सारखा नाचत असतो, आणि त्याचेच पितळ मला आज उघडे पाडायचे आहे.

प्रथम एक प्रश्न. या बाजारात जर्मन वाहनांचीच एवढी चलती का? युद्धात उतरलेले देश काय थोडे होते? जर्मनांनी टायगर-१ केले जेमतेम साडेतेराशे. अमेरिकेने शर्मन केले सुमारे ४९ हजार, आणि रशियाचे टी-३४ युद्धकाळातच पन्नास हजारांच्या वर गेले. संख्येच्या हिशेबाने दुकाने शर्मन आणि टी-३४ नेच भरायला हवी होती. पण फळीवर दिसतात टायगर, पँथर आणि पॅन्झर. याचे एक कारण उघड आहे. जर्मन कारखाने एका जातीचे गाडे सुखाने करीतच नसत. पॅन्झर-४ चे प्रकार ए पासून जे पर्यंत, पॅन्झर-३ चे ए पासून एन पर्यंत. दर प्रकारात झाकण बदल, चाक बदल, कडी बदल. शिवाय 'त्सिमेरिट' नावाचा लेप. सुरुंग चुंबकाने चिकटू नयेत म्हणून १९४३ च्या अखेरीपासून जर्मन रणगाडे या लेपाने, आपण शेणाने भिंत सारवतो तसे, सारवले जात. त्यात लाकडाचा भुसा आणि पिवळी मातीसुद्धा असे. सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद झाला. म्हणजे ऑगस्टचा गाडा लेपासकट आणि नोव्हेंबरचा गाडा लेपाविना! दुकानदाराला यापेक्षा काय हवे? दर प्रकाराला निराळा संच. सुट्या भागांच्या ज्या घोळाने जर्मन सैन्याची दुरुस्ती करणारी माणसे रडकुंडीला आली, त्याच घोळावर आज व्यापाऱ्यांची दिवाळी होते आहे.

पण दुसरे कारणही आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. या गाड्यांचा एक दरारा आहे. कोनाकोनांचे चिलखत, लांब नळी, करडा किंवा वाळूचा रंग. तो दरारा हवा असतो. तो ज्या कामासाठी निर्माण केला ते काम तेवढे नको असते. म्हणून तपशील लागतो. तपशिलात मान घातली की वर बघावे लागत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. भाच्याचा गाडा होता आफ्रिकेतला, १९४२ चा पॅन्झर-३, लांब नळीच्या ५० मिलिमीटर तोफेचा. त्याच्या पाठीवर लादायला वीस लिटरच्या पेट्रोलच्या डब्यांचा वेगळा संच त्याने मागवला होता. तेच ते जेरीकॅन. इंग्रज शिपाई जर्मनाला 'जेरी' म्हणत, म्हणून डब्याचे नाव तसे पडले. पाण्याच्या डब्यावर पांढरी फुली असते, हेही त्याने मला शिकवले. मी विचारले, "अरे, हा गाडा चालला कुठे आहे?"

"तोब्रुकला."

"आणि समोर कोण आहे?"

तो गोंधळला. "समोर? ब्रिटिश असतील. मामा, ते सेटमध्ये नसते."

ते सेटमध्ये नसते! वाचकहो, हे वाक्य ऐकले आणि फराळावरची माझी वासना उडाली. कारण समोर कोण होते हे मला ठाऊक होते. २० जून १९४२ च्या सकाळी रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर विमाने आणि रणगाडे घातले. ती बाजू अकराव्या हिंदी ब्रिगेडकडे होती, आणि घाव नेमका पडला तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीवर. सातारा-कोल्हापूरची, रत्नागिरी-कुलाब्याची पोरे! रणगाडे अडवायचा खंदक ठिकठिकाणी वाळूने बुजलेला, पेरलेले कितीतरी सुरुंग आधीच उपसून दुसरीकडे नेलेले. वरून विमानांचा भडिमार आणि मग धुरातून गाडे. संध्याकाळी जर्मन बंदरावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि तीस हजारांवर माणसे कैद झाली. माझ्या जेवणाच्या टेबलावर जो गाडा उभा होता, तो याच मराठी माणसांच्या अंगावर गेलेल्या गाड्यांची प्रतिकृती होता. त्याच्या फावड्याची कडी अचूक होती.

आणि आणखी पाहा. आफ्रिकेतल्या जर्मन सैन्याची खूण म्हणजे खजुराचे झाड आणि त्याच्या बुंध्यावर नाझींचे ते वाकडे स्वस्तिक. आपल्या उंबऱ्यावर आज सकाळी रांगोळीने काढले ते नव्हे. त्याची ती विटंबना. भाच्याच्या पेटीतल्या चिकटवायच्या चित्रांत झाड होते, बुंधा मात्र कोरा होता. जर्मनीत ते चिन्ह मिरवायला कायद्याने बंदी आहे, आणि त्या कायद्यामागचा हेतू मला मान्यच आहे. पण मग अचूकपणाची बढाई कशाला? खिळा खरा, कडी खरी, आणि ज्याच्यासाठी हे सारे रणांगणावर आले ते चिन्हच तेवढे गायब!

तीच गोष्ट कारखान्याची. पॅन्झर-४ ज्या क्रुपच्या कारखान्यात होत, त्या क्रुपच्या मालकावर न्यूरेंबर्गला खटला चालला. परदेशांतून पकडून आणलेल्या माणसांकडून आणि छळछावण्यांतल्या कैद्यांकडून गुलामासारखे काम करवून घेतल्याबद्दल आणि लुटीबद्दल आल्फ्रिड क्रुपला १९४८ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो सुटलाही. आता मला सांगा, युद्धकाळातल्या जर्मन गाड्याच्या सांध्यावरची वेल्डिंगची रेघ खरी दिसावी म्हणून तुम्ही पैसे मोजता. मग ती रेघ ओढणारा हात कुणाचा होता, तो पोटभर जेवला होता काय, हा प्रश्न तपशिलात बसत नाही काय?

यावर मला उत्तरे मिळाली. पहिले उत्तर, "मामा, हा नुसता छंद आहे." मान्य. पत्ते हाही छंद आहे. पण पत्त्यांतला राजा कुणाच्या आजोबांच्या अंगावर गेलेला नाही. दुसरे उत्तर, "आम्हाला यंत्रात रस आहे, राजकारणात नाही." पण यंत्राला हेतू असतो. सुरी भाजीसाठी की गळ्यासाठी, हे न विचारता तिच्या मुठीवरची नक्षी मोजणे याला मी यंत्रप्रेम म्हणत नाही. तिसरे उत्तर जिव्हारी लागले. भाचा म्हणाला, "तुम्ही तुमच्या कादंबरीत तलवारीच्या मुठीचे अर्धे पान वर्णन केले आहे. तिने कोण मेले ते कुठे लिहिले आहे?"

खरे सांगतो, मी निरुत्तर झालो. कारण आम्हा लेखकांचाही हाच धंदा आहे. पागोट्याचा पेच अचूक, जिरेटोपाचा तुरा अचूक, आणि गडावर दगड वाहणाऱ्या बाईचे नाव नाही. वाचक म्हणतो, काय हो तुमचा अभ्यास! आणि आम्ही फुगतो. पितळी खरेपणा हा काही रणगाडेवाल्यांचाच रोग नाही. लहान सत्ये रचून मोठे सत्य झाकण्याची ही जुनी युक्ती आहे, आणि तिला मीही बळी पडलो आहे. पण चोराने चोरी ओळखली म्हणून चोरी खोटी ठरत नाही.

अंगणात माझ्या धाकट्याने किल्ला केला होता. त्यात प्रमाणाचा पत्ता नाही. मावळा दिंडी दरवाज्याहून उंच, वाघ बुरुजाएवढा, आणि आळीव पेरलेले रान महाराजांच्या गुडघ्यापर्यंत. पण त्याला विचारा, हा कोण? तो सांगेल, हा बाजीप्रभू, हा तानाजी. हा इथे का उभा आहे तेही सांगेल. माप चुकले आहे, माणूस चुकलेला नाही. मला दोन्ही हवे आहे. माप बरोबर असावे आणि माणूसही असावा. पण एकच मिळणार असेल, तर मी अंगणातला किल्ला घेईन.

म्हणून माझे मागणे फार नाही. रणगाडे जाळा असे मी म्हणत नाही; घरात वस्तू सुबक हातांनी घडावी, हे चांगलेच. एवढेच म्हणतो की, शेवटचा डबा चिकटवण्याआधी समोर कोण होते ते शोधा. इटलीत १० जुलै १९४४ रोजी जर्मन मशीनगनवर एकट्याने चाल करून गेलेले नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पुण्याहून जर्मन गाड्याची कडी मागवायला चेक देशापर्यंत हात पोहोचतो, तर माणगावापर्यंत पोहोचायला काय हरकत आहे?

भाऊबीजेच्या रात्री भाचा गाडा गुंडाळून पेटीत ठेवत होता. ठेवता ठेवता म्हणाला, "मामा, तोब्रुकच्या त्या मराठा शिपायांच्या पट्ट्याची बक्कल कशी होती हो?"

मला आधी हसू आले, मग राग आला, आणि मग दोन्ही ओसरले. मी म्हणालो, "बक्कलपासून सुरुवात कर, बाबा. पण बक्कलपाशी थांबू नकोस. ती ज्याच्या पोटावर होती, त्याचे गाव कोणते, तेही विचार."