घोट्याची आतली सूज

माळीवाडा बसस्थानकावर एसटीतून उतरताना पाय मुरगळलेल्या एक आजी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. बाहेरच्या घोट्याचे हाड मोडले होते, पण जागेवर होते. मी प्लास्टर घालून त्यांना घरी पाठविले. घोट्याच्या आतल्या बाजूसही सूज होती. ती मी पाहिली, पण तिचा अर्थ लावला नाही. दीड महिन्याने प्लास्टर काढले तेव्हा सांधा सरकलेला आढळला. चूक माझी होती, म्हणून हा विषय.

नडगीचे हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड मिळून एक खाच तयार होते व पावलाचे हाड तीत बसते. ही दोन हाडे एकमेकांशी आवळून धरणारे आणि आतल्या बाजूने सांधा सांभाळणारे अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटले की खाच सैल होते. पावलाचे हाड केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकले तरी सांध्यातील संपर्काचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते, असे रॅम्सी व हॅमिल्टन यांनी १९७६ साली दाखविले. पुढे संधिवात येतो तो यामुळेच.

अस्थिबंध साध्या एक्स-रेत दिसत नाहीत आणि झोपून काढलेला फोटो फसवा ठरू शकतो. आतली सूज म्हणजे अस्थिबंध तुटलाच असे नव्हे. परंतु शंका असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायावर भार देऊन किंवा ताण देऊन पुन्हा एक्स-रे काढतात. आतली फट ४ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गरजेनुसार सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात.

शस्त्रक्रियेत प्रथम प्लेट व स्क्रूने हाड जोडतात. मग टेबलावरच बारीक हाड आकड्याने ओढून एक्स-रेखाली पाहतात. फट उघडली तर दोन्ही हाडांतून स्क्रू किंवा मजबूत दोरा घालून ती आवळतात. सांधा नेमका बसला की आतला अस्थिबंध बहुधा आपोआप भरून येतो. क्वचितच तो शिवावा लागतो.

घरच्यांनी एवढे करावे: मुरगळलेला घोटा चोळू नये. चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर लेपावर विसंबू नये, एक्स-रे काढावा. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. जखम भरण्यास वेळ लागतो. प्लास्टरमध्ये बोटे बधिर वा काळीनिळी झाली, अथवा पोटरी सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि फोटो पाहताना डॉक्टरांना अवश्य विचारावे, "आतल्या बाजूचे काय?"